वरून कौल नको, चाळकऱ्यांना मत हवे!

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या, सकाळी डबडे घेऊन सामाईक संडासापुढे रांग लावलेल्या माणसाला ५०० चौरस फुटांचे, स्वतःच्या मालकीचे घर विनामूल्य मिळाले. ही आनंदाचीच गोष्ट आहे आणि त्या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु हारतुरे वाळल्यानंतर काही आकडे शिल्लक राहतात. या पुनर्विकासाचे पहिले भूमिपूजन २२ एप्रिल २०१७ रोजी वरळीच्या जांबोरी मैदानावर झाले. सरकार बदलले आणि १ ऑगस्ट २०२१ रोजी वरळीतच पुन्हा कार्यक्रम झाला. एकट्या वरळीत साडेनऊ हजारांच्या आसपास भाडेकरू आहेत. पहिल्या भूमिपूजनापासून आठ वर्षांनी त्यातल्या ५५६ जणांच्या हातात चावी पडली.

असा विलंब झाला की त्याचे खापर रहिवाशांवर फोडण्याची पद्धत जुनीच आहे. लोक खोल्या खाली करीत नाहीत, लोक सर्वेक्षण करू देत नाहीत, लोकांना विकास नको आहे, असे सांगितले जाते. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. विलंब लोकांना विचारल्यामुळे होत नाही, न विचारल्यामुळे होतो. चळवळीच्या कार्यकर्त्यांनी हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण वरळीत जे घडले तेच उद्या घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात आणि धारावीत घडणार आहे.

सिंधुदुर्गातल्या आचऱ्यात राहणाऱ्याने मुंबईच्या चाळींवर का लिहावे, असे कोणी विचारील. ज्याने कोकणातली बौद्धवाडी पाहिली आहे तो हा प्रश्न विचारणार नाही. मालवण, देवगड, कणकवलीपासून वर रत्नागिरी, रायगडपर्यंत अशी वाडी क्वचितच सापडेल, जिची एक खोली मुंबईत नव्हती. ती खोली भाडेपावतीवर एकाच्या नावाची असली तरी सगळ्या वाडीची असे. गिरणीत पाळी करणारे पोरगे तिथे अंथरूण टाकीत. केईएमला उपचारासाठी आलेली म्हातारी तिथेच उतरे. वाडीच्या विहाराची वर्गणी, जयंतीचा जमाखर्च, मंडळाची बैठक, बौद्धजन पंचायत समितीच्या शाखेचे काम हे सगळे त्याच दहा-बाय-सोळात चाले. त्या खोलीचे काय होते, हा आचऱ्याचाही प्रश्न आहे.

शंभर वर्षांपूर्वीही विचारले नव्हते

इतिहास पाहिल्याशिवाय हा प्रश्न कळणार नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहर स्वच्छ करायचे म्हणून गोरगरिबांच्या वस्त्या पाडण्यात आल्या. याच ट्रस्टने पुढे बी.आय.टी. चाळी बांधल्या. परळच्या त्या चाळीतील दोन खोल्यांत बाबासाहेब १९३४ मध्ये राजगृहात जाईपर्यंत राहिले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

१९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, उभे राहिले. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, दर मजल्यावर वीस खोल्या. सिमेंट-काँक्रीटच्या या भक्कम चाळी बांधून झाल्या आणि त्यातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या पडल्या! कामगार तिकडे जायला तयार होईना. वरळी तेव्हा गिरण्यांपासून दूर होती, भाडे परवडत नव्हते, खोल्या अंधाऱ्या होत्या, पाण्याची सोय घरात नव्हती. ज्याच्यासाठी बांधले त्याला काय हवे, हे कोणी विचारलेच नव्हते. शेवटी १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर करण्याची वेळ सरकारवर आली. लोकांना न विचारता बांधलेल्या घरांचे काय होते, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता?

त्या भिंतींना घरपण दिले ते नंतर आलेल्या माणसांनी. गिरणी कामगार, पालिकेचे सफाई कामगार, गोदीतले मजूर आणि त्यांत मोठ्या संख्येने आपला समाज. याच वरळीत ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाला. चाळीतली वाचनालये, विहारे, मैदाने, जयंतीचे मंडप ही केवळ मोकळी जागा नव्हे, ती चळवळीची शाळा आहे. नकाशावर मात्र ती ‘अनिवासी बांधकाम’ या सदरात जाते.

संमतीचे कलम कुठे गेले?

आता कायद्याकडे वळू. एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास करायचा असेल तर सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली ३ जानेवारी २००९ चे आणि सुधारित स्वरूपात ४ जुलै २०१९ चे शासनाचे निर्देश आहेत. विशेष सर्वसाधारण सभा घ्या, सभेचे चित्रीकरण करा, संस्थेने स्वतःचा वास्तुविशारद वा सल्लागार नेमावा, निविदा सभासदांसमोर उघडाव्यात, विकासक निवडताना निबंधकाचा प्रतिनिधी हजर असावा. ही सगळी काळजी फ्लॅटमालकासाठी घेतली आहे आणि ती योग्यच आहे.

झोपडपट्टी पुनर्वसनात खाजगी विकासक असेल तर झोपडीधारकांच्या संमतीची अट आहे. पूर्वी ती ७० टक्के होती, पुढे ५१ टक्क्यांवर आणली. पण तीच योजना सरकार किंवा सरकारी प्राधिकरण राबवीत असेल तर ही अट गळून पडते. बीडीडी चाळींची जमीन सरकारची, चाळी सरकारच्या. म्हणून तिथेही भाडेकरूंच्या ठराविक टक्के संमतीवर योजना अवलंबून ठेवलेली नाही. म्हाडाने आराखडा करायचा, कंत्राटदार नेमायचा आणि भाडेकरूने पात्रतेचे कागद घेऊन रांगेत उभे राहायचे.

याचा अर्थ काय होतो? मालकीचा फ्लॅट असेल तर मत आहे. झोपडी असेल आणि बिल्डर खाजगी असेल तर अर्धेमुर्धे मत आहे. घर सरकारी जमिनीवर असेल तर मतच नाही. माणूस जितका गरीब आणि सरकारवर जितका अवलंबून, तितका त्याचा आवाज लहान. सरकारी चाळीत आणि सरकारी जमिनीवर प्रामुख्याने कोण राहतो, हे सांगण्यासाठी वेगळे सर्वेक्षण करण्याची गरज नाही. कलमात जातीचा उल्लेख कुठेही नाही, पण कलमाचा भार कोणाच्या खांद्यावर येतो हे पाहिले की जात दिसते.

सरकार लोककल्याणासाठीच काम करणार, मग संमती कशाला, असा युक्तिवाद केला जातो. तो न्यायालयात टिकणारा नाही, असे आमचे मत आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्याही जगण्याच्या हक्काला अनुच्छेद २१ चा आधार दिला आणि हटविण्यापूर्वी म्हणणे ऐकून घेण्याच्या तत्त्वाचे महत्त्व सांगितले. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००८ मध्ये जोहान्सबर्गच्या एका प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. रहिवाशांशी प्रामाणिक आणि अर्थपूर्ण चर्चा करणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. तोच विचार दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शकूर बस्तीच्या निकालात स्वीकारला. पदपथावरच्या माणसाचे म्हणणे ऐकायचे आणि शंभर वर्षे भाडे भरणाऱ्याचे ऐकायचे नाही, हा कुठला न्याय?

करार झाला तो लोक अडून बसले म्हणून

आधी करार, मग खोली खाली, ही मागणी घेऊन बीडीडीच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे सभा, मोर्चे आणि निवेदने केली. नोंदणीकृत करारनामा आणि खोली सोडण्यापूर्वीच सोडत काढून नव्या इमारतीतले घर निश्चित करणे, या गोष्टी त्या रेट्यातून आल्या. चाळीतल्या पोलीस कुटुंबांना घरासाठी आधी ५० लाख रुपये सांगण्यात आले, ते २५ लाखांवर आणि मग १५ लाखांवर आले. हिशेब जर पहिल्यापासून पक्का होता तर काही महिन्यांत तो इतका खाली कसा आला? लोक बोलले म्हणून आला. ज्याला अडथळा म्हटले गेले तोच खरा सहभाग होता. फक्त त्याला कायद्यात जागा नव्हती, म्हणून तो रस्त्यावर आला आणि त्यात वर्षे गेली.

नुसता करारही पुरत नाही, हे गोरेगावच्या सिद्धार्थ नगराने, म्हणजे पत्राचाळीने, दाखवून दिले आहे. २००८ मध्ये म्हाडा, संस्था आणि विकासक असा त्रिपक्षीय करार झाला. ६७२ कुटुंबांनी घरे सोडली. इमारती अर्धवट राहिल्या, भाडे बंद झाले. २०१८ मध्ये विकासकाला काढावे लागले आणि २०२२ मध्ये म्हाडाने काम पुन्हा हाती घेतले. घर सोडताना चाळिशीत असलेला माणूस भाड्याच्या खोल्या बदलत म्हातारा झाला. करारावर तिसरा पक्ष म्हणून म्हाडाची सही होती, पण काम कुठवर आले, पैसा कुठे गेला, हे दर तीन महिन्यांनी रहिवाशांसमोर मांडण्याची सक्ती कोणावरही नव्हती. करार हा कागद आहे. त्यावर लक्ष ठेवणारी सभा नसेल तर तो कपाटातच राहतो.

गावपळण आणि चाळपळण

आमच्या आचऱ्याची गावपळण सर्वदूर माहीत आहे. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री माळावर झोपड्या घालून राहतो. पुन्हा कौल झाला की परततो. धम्म स्वीकारलेल्या माणसाला कौलप्रसाद मान्य असण्याचे कारण नाही. बावीस प्रतिज्ञांनी आपल्याला त्यातून मोकळे केले आहे. तरीही मुंबईच्या चाळकऱ्याने या प्रथेकडे एकदा पाहावे. गावपळणीत घर सोडणाऱ्याला परत कधी यायचे याचा अंदाज असतो. शेजारी शेजारीच राहतो. आणि परतल्यावर घर आपले आपल्या जागी असते.

चाळपळणीत यातले काहीच नक्की नसते. संक्रमण शिबिरात किती वर्षे, याचे उत्तर नाही. संगणकाच्या सोडतीने शेजार मोडतो. खाली राहणारी आजी बत्तिसाव्या मजल्यावर जाते. आणि कौल मात्र इथेही वरूनच येतो, फक्त देवळाऐवजी मंत्रालयातून! देवाचा कौल नाकारलेल्या समाजाने मंत्रालयाचा कौल मुकाट मानावा काय?

नावाचेच उदाहरण घ्या. २०२२ मध्ये वरळीच्या चाळींना बाळासाहेब ठाकरे नगर, नायगावला शरद पवार नगर आणि ना. म. जोशी मार्गाच्या चाळींना राजीव गांधी नगर अशी नावे देण्यात आली. या नेत्यांच्या मोठेपणाविषयी येथे वाद घालायचा नाही. पण तिथे राहणाऱ्यांचे त्यावर मतदान झाले नाही. पाटीवर कोणाचे नाव असावे एवढेही ज्याला विचारले जात नाही, त्याला जिना किती रुंद असावा हे कोण विचारणार?

विचारायचे म्हणजे नेमके काय?

मंडप घालून सादरीकरण करणे, मंडळाच्या अध्यक्षांना मंत्र्यांच्या दालनात चहा पाजणे आणि ‘रहिवाशांनी स्वागत केले’ अशी बातमी देणे, याला सहभाग म्हणत नाहीत. इमारतींमधले अंतर किती, खालच्या मजल्यांना ऊन-वारा मिळणार का, विक्रीच्या मनोऱ्यांना मोकळी जागा आणि पुनर्वसनाच्या मनोऱ्यांना सावली असे तर नाही ना, विहार कुठे, वाचनालय कुठे, चौदा एप्रिलचा मंडप कुठे पडणार, चाळीच्या तोंडाशी भाजी विकणारी बाई कुठे बसणार, हे ठरण्याआधी विचारणे म्हणजे विचारणे. इमारत चाळीस मजली असेल तर उद्वाहन, पाण्याचा पंप आणि आगीपासूनचे संरक्षण यांचा खर्च महिन्याला किती, हेही तेव्हाच सांगितले पाहिजे. सुरुवातीची काही वर्षे देखभाल कंत्राटदाराकडे राहील. त्यानंतर निवृत्त सफाई कामगाराच्या पेन्शनमधून ते बिल भरता आले नाही, तर फुकट मिळालेले घर विकून तो विरार-बदलापूरला जाईल. मग पुनर्वसन कोणाचे झाले?

राहणाऱ्याचे ऐकले नाही तर काय होते, हे लंडनने फार मोठी किंमत देऊन पाहिले. १४ जून २०१७ रोजी तिथल्या ग्रेनफेल टॉवर या कामगारवस्तीच्या इमारतीला आग लागून ७२ माणसे मेली. तिथल्या रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीच वारंवार लेखी इशारे दिले होते. इमारतीचे नूतनीकरण झाले होते, पण त्यांचे ऐकले गेले नव्हते. पुढे २०१८ पासून लंडनच्या महापौरांनी नियम केला की महापौरांच्या निधीतून एखादी मोठी वसाहत पाडून नवी बांधायची असेल तर आधी तिथल्या रहिवाशांचे मतदान घ्यावे लागेल. काय मिळणार ते लेखी द्यायचे आणि मग मत मागायचे.

आपल्याकडे हे अशक्य आहे काय? खेड्यात घरकुलाच्या यादीवर ग्रामसभेत बोलता येते. आचऱ्यातला माणूस उठून विचारू शकतो की हे नाव यादीत कसे आले. त्याचाच सख्खा भाऊ वरळीत राहतो. त्याच्या डोक्यावर चाळीस मजले चढणार असताना त्याला अशी सभाच नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या, २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात केली, पण शहरातल्या गरिबाला ती सभा भरलेली दिसली नाही.

अर्थात ग्रामसभेचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे सांगितले ते आजही खोटे ठरलेले नाही. जिथे पाटलाकडे बघून हात वर होतात, तिथे सभा असून नसल्यासारखी. चाळीतही तेच आहे. मंडळे पक्षांच्या ताब्यात, समित्या चार पुढाऱ्यांच्या खिशात, आणि बायका सभेत मागे उभ्या. म्हणून नुसती सभा पुरेशी नाही, गुप्त मतदान हवे. एक माणूस, एक मत हे तत्त्व विधानसभेपुरते ठेवून घराच्या दाराशी अडवायचे असेल, तर २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी ज्या विसंगतीचा इशारा दिला, तीच आपण घरोघर जोपासतो आहोत.

मागण्या स्पष्ट हव्यात

११ जुलै १९९७ रोजी ज्या रमाबाई नगरात दहा माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी मेली, तिथे आता एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांची संयुक्त योजना सुरू झाली आहे. सरकारी योजना, म्हणजे संमतीची अट नाही. तेव्हा ‘विकास हवा की नको’ या फसव्या प्रश्नात न अडकता चळवळीने पुढील मागण्या लावून धराव्यात.

१. सरकारी प्राधिकरणाच्या योजनेलाही रहिवाशांच्या गुप्त मतदानाची अट लावावी. मतदानापूर्वी घराचे क्षेत्रफळ, मुदत, भाडे आणि देखभालीचा अंदाजे खर्च मराठीत लेखी द्यावा.

२. पात्र रहिवाशांची वैधानिक सभा स्थापन करावी. तिच्यात निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात आणि तिला स्वतःचा वास्तुविशारद व वकील नेमता यावा. त्याचा खर्च प्रकल्पातून व्हावा.

३. आराखडे, निविदा, अग्निशमन ना-हरकत आणि कामाची प्रगती हे सर्व माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे न मागता चाळीच्या फलकावर लागावे.

४. विहारे, वाचनालये आणि मैदाने यांची यादी घरांच्या यादीबरोबरच व्हावी आणि त्यांची नवी जागा करारात लिहिली जावी.

५. नवे घर पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावे. मृत भाडेकरूच्या वारसांत मुलींची नावे वगळलेली पात्रता यादी मान्य करू नये.

आणि एक काम सरकारवर न सोपवता आपणच करायचे आहे. मुंबईतल्या प्रत्येक वाडी-मंडळाने आपल्या माणसांच्या भाडेपावत्या, वीजबिले, मृत्यूचे दाखले, वारसनोंदी तपासून एका फाइलीत लावाव्यात. बापाच्या नावाची पावती तीस वर्षे तशीच ठेवणारी घरे आम्ही कोर्टात रोज पाहतो. भाऊ मुंबईत, बहीण गावी, आणि कागद कोणाकडेच नाही, या गोंधळात घर हातचे जाते. गावाकडच्या शिकलेल्या पोरांनी मे महिन्यात चाकरमानी आला की त्याच्याबरोबर बसून ही फाइल पुरी करावी. करार वाचल्याशिवाय, त्याची प्रत हातात पडल्याशिवाय सही करायची नाही, हे प्रत्येक वाडीच्या बैठकीत ठरले पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वी लॉइडच्या सरकारने कामगाराला न विचारता चाळी बांधल्या आणि त्या ओस पडल्या. आज त्या पाडून मनोरे उभे राहत आहेत. भिंती बदलतील, मजले वाढतील, पण वर कोण ठरवणार आणि खाली कोण ऐकणार ही जुनी रचना तीच राहिली, तर त्याला पुनर्विकास म्हणता येणार नाही. घर देणाऱ्याचे आभार मानावेत, पण आपल्या घराविषयी बोलण्याचा हक्क हे काही कोणी दिलेले दान नाही. तो संविधानाने दिला आहे, तो वापरलाच पाहिजे.